आजी दहा दिवस साताऱ्यात येतायत. कुठं न्यायचं आणि कसं?

पत्र : "सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या सासूबाई लातूर जिल्ह्यातल्या गावाहून आमच्याकडे दहा दिवस राहायला येतायत. वय ७६. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. काठी घेऊन चालतात. बीपीची गोळी आहे आणि सकाळी एक पाणी कमी करणारी गोळी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर चांगली आहे. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. मुलं दोन, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सहाचा. गाडी छोटी, पाच जण कसेबसे बसतो. ह्यांनी यादी केलीय : कास, ठोसेघर, सज्जनगड, महाबळेश्वर, प्रतापगड, सगळं दोन शनिवार-रविवारांत. 'आई एवढ्या लांबून येते, सगळं दाखवू' असं त्यांचं म्हणणं. मागच्या वेळी ठोसेघरला आई गाडीतून उतरल्याच नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून 'तुम्ही जाऊन या, मी घरी बसते' सुरू झालं. सज्जनगड मात्र त्यांना फार वर्षांपासून बघायचाय, समर्थांवर श्रद्धा आहे. काय ठेवावं, काय काढावं आणि नेताना काय काळजी घ्यावी?" – एक वाचक, शाहूपुरी, सातारा

ताई, नमस्कार.

यादीला हात लावण्याआधी तीन गोष्टी माहीत करून घ्या. आजी एका दमात किती मिनिटं उभ्या राहू शकतात, सलग किती पायऱ्या चढू-उतरू शकतात आणि त्यांना किती वेळाने लघवीला जावं लागतं. जागा कितीही सुंदर असली तरी या तीन आकड्यांत बसत नसेल तर ती त्यांच्यासाठी सहल नाही, सोसणं आहे. आणि सोसलेलं त्या तोंडाने सांगणार नाहीत. "मी घरी बसते" एवढंच म्हणतील.

हे मोजायला परीक्षा घेऊ नका. आल्यानंतरचे पहिले दोन दिवस कुठंच जायचं नाही. एवढा एसटीचा प्रवास झाल्यावर पायांना सूज असते, झोप मोडलेली असते. त्या दोन दिवसांत संध्याकाळी भाजीला किंवा जवळच्या देवळात सोबत न्या आणि गुपचूप घड्याळाकडे लक्ष ठेवा. कितव्या मिनिटाला त्या भिंतीला टेकतात किंवा काठीवर भार टाकतात, तोच उभं राहण्याचा आकडा. जिन्यावर त्या एका पायरीवर एक पाय ठेवत जातात की दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी घेतात, तेही बघा. दोन्ही पाय टेकवत असतील तर पंचवीस-तीस पायऱ्यांपलीकडची जागा निवडताना फार विचार करायला हवा.

आता तिसरा आकडा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण आजी-आजोबांच्या बहुतेक सहली इथंच बिघडतात आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही. पाणी कमी करणारी गोळी सकाळी घेतली की साधारण पहिले चार ते सहा तास लघवी वारंवार होते. तुम्ही आठला गोळी दिली, साडेआठला गाडीत बसवलं, तर घाटातला सगळा रस्ता नेमका त्याच तासांत येतो. मागच्या वेळी आजी ठोसेघरला गाडीतून उतरल्या नाहीत त्याचं कारण गुडघा असेल, पण हे असण्याचीही दाट शक्यता आहे. बायका अशा वेळी एकच उपाय करतात : आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद. मग दुपारी जीभ कोरडी, उठताना चक्कर, परत आल्यावर लघवीला जळजळ. सगळे म्हणतात, "प्रवास झेपला नाही." झेपलेलं नसतं ते पाणी तोडणं.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा : ज्या दिवशी सकाळी बाहेर जायचं आहे त्या दिवशी ही गोळी परत आल्यावर, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास दिली तर चालेल का? बऱ्याचदा चालतं, पण हा निर्णय डॉक्टरांचाच. गोळी चुकवायची मात्र अजिबात नाही. डॉक्टर नको म्हणाले तर गोळी सकाळी सहाला द्या आणि सहली दुपारी साडेतीन-चारनंतरच्या ठेवा. बीपीची गोळी नेहमीच्याच वेळी.

रस्त्यावर बाथरूमची ठिकाणं तुम्ही आधी हेरून ठेवा. महामार्गावर वाईकडे जाताना हॉटेलं आणि पेट्रोल पंप आहेत, तिथं अडचण येत नाही. कास आणि सज्जनगडच्या रस्त्याला ती मुबलकता नाही, म्हणून निघताना घरी जाऊनच निघायचं. दर दीड-दोन तासांनी "आई, तुम्हाला जायचंय का?" असं सगळ्यांसमोर विचारू नका, त्या नाहीच म्हणतील. "मला जायचंय, चला सोबत" म्हणा. उकिडवं बसायचा संडास त्यांना गुडघ्यांमुळे जमत नसेल तर मेडिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते. खालून मोकळी असलेली घेतली तर ती साध्या भांड्यावरही ठेवता येते, डिकीत मावते आणि घरातही दहा दिवस उपयोगी पडते. लांबच्या प्रवासाला आत घालायचे पॅड त्यांच्या पिशवीत ठेवा. ते यजमानांनी सांगू नये, तुम्ही एकट्यात सांगा. "लागलंच तर असू दे" एवढं पुरतं.

आता यादी. प्रतापगड काढा. गाडी वाहनतळापर्यंत जाते आणि पुढं पायऱ्याच पायऱ्या आहेत. मुलांना तो दिवाळीनंतर दाखवा. ठोसेघरही काढा : धबधबा ज्या सज्जातून दिसतो तिथं उतरून जायचं आणि चढून परत यायचं, भिजलेल्या वाटेवरून. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरण्याचा भार जास्त पडतो, आणि इथं उतरणं आधी असल्यामुळे माणूस फसतो. जाताना बरं वाटतं, येताना लक्षात येतं. मुलांना जायचंच असेल तर एक दिवस बाबांनी दोघांना घेऊन जावं. त्या दिवशी तुम्ही आणि आजी घरी. हाही सुट्टीचाच भाग आहे, प्रत्येक ठिकाणी पाचही जणांनी असलंच पाहिजे असं नाही. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार आहे, तिथल्या पवनचक्क्या मात्र गाडीतूनच दिसतात, अगदी मान वर करून बघाव्या एवढ्या जवळून. आजींना त्या बघायच्या असतील तर ठोसेघरला न थांबता सरळ वर जाऊन या. वारा फार असतो, कान झाकणारा स्कार्फ हवा.

महाबळेश्वरबद्दल तुमच्या यजमानांना एक सांगा. मेढ्यावरून जा किंवा पाचगणीवरून, घाटासकट एका बाजूचे दीड-दोन तास जातात, म्हणजे चार तास नुसते गाडीत. वर पॉइंटवर पोचेपर्यंत धुकं आलं तर काही दिसत नाही, सप्टेंबरअखेर हे सर्रास होतं. एका दिवसात जाऊन येणं आजींसाठी बरोबर नाही. न्यायचंच तर एक रात्र मुक्काम करा आणि पॉइंटांच्या मागं न लागता क्षेत्र महाबळेश्वरला जा. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं. मुक्काम शक्य नसेल तर यावेळी महाबळेश्वर नाही, एवढं ठरवून टाका.

त्या जागी वाई घ्या. साताऱ्याहून पाचवडमार्गे ३५ किलोमीटरच्या आसपास, तासाभराचा सपाट रस्ता. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलं. अगदी कृष्णेच्या घाटावर आहे, आणि पुराचं पाणी फुटून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे. ही भिंत मुलांना बाहेरून चालत दाखवा, आत गेल्यावर ती कळत नाही. मंगळवारी आणि संकष्टीला रांग असते, ते दिवस टाळा. सकाळी साडेआठच्या आत पोचलात तर गाडी जवळ लावता येते आणि दगडी फरशीही तापलेली नसते. दर्शनानंतर मुलांना बाबांसोबत तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला नेता येतं. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळातली ती मोठी घंटा : पोर्तुगीजांविरुद्धच्या १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली, अंगावर १७०७ साल असलेली. घाटाला पायऱ्या आहेत, म्हणून आजी वर वाड्यापाशी सावलीत बसतील आणि तुम्ही त्यांच्याजवळ. बाबा आणि मुलं वीस मिनिटांत परत. बाराच्या आत साताऱ्याकडे निघा.

दुसरी जागा तुमच्या यादीत नव्हती, पण ती आम्ही आग्रहाने सुचवतो : लिंब गावाजवळची बारा मोटेची विहीर. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर, महामार्गापासून थोडं आत. विरुबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात ही बांधून घेतली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, आणि मुख्य विहिरीच्या शेजारी दगडी महाल. आत उतरायला पायऱ्या आहेत, पण आजींना उतरायची गरजच नाही. बघण्यासारखं निम्मं वरच आहे : जिथून मोटा, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या मोठ्या चामडी पिशव्या, चालायच्या त्या जागा. तुमच्या सासूबाई शेताच्या गावातल्या, या वयाच्या माणसांनी मोट चालताना डोळ्यांनी पाहिलेली असते. त्यांना घडीच्या स्टुलावर कठड्यापासून लांब बसवा आणि मुलांना विचारू दे. बैल ज्या उतारावरून पुढं जायचे ती धाव, मोट ओढणारा जाड नाडा, तिची सोंड सोडणारा बारीक सोंदूर, पाणी पडायचं ते थारोळं : हे मुलीला शाळेत कुणी सांगणार नाही, आणि माहितीफलकावरही एवढं नसतं. इथं दाखवणाऱ्या आजी असतात आणि बघणारे तुम्ही. "मी घरी बसते" यावर याच्याइतका चांगला उतारा आमच्या पाहण्यात नाही. एक सावधगिरी : कठडे सगळीकडे उंच नाहीत. सहा वर्षांच्या मुलाचा हात पूर्ण वेळ एका मोठ्या माणसाच्या हातात हवा, आणि तो माणूस आजींना सांभाळणारा नको. दोन कामं एकाकडे दिली की दोन्हीकडे दुर्लक्ष होतं.

कास यादीत राहू द्या, फक्त शनिवार-रविवार नको. हंगामात शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटापासूनच गाड्यांची रांग लागते, गाडी लांब लावावी लागते आणि तिथून पुढचं सगळं गणित बिघडतं. मंगळवार ते गुरुवार यातला एक दिवस यजमानांनी अर्धी रजा काढावी. साताऱ्याहून अंतर २५ किलोमीटरच्या घरातलं, पाऊण ते एक तास. प्रवेशाला शुल्क आहे, रोजच्या माणसांच्या संख्येवर मर्यादा आहे, त्यामुळे ऑनलाइन नोंदणी आधी करूनच जायचं.

पठारावरची जमीन म्हणजे जांभ्याचा कातळ आणि त्यावर बोटभर माती. पाणी मुरत नाही, झाडं मूळ धरत नाहीत, म्हणूनच ही इवली फुलं तिथं राज्य करतात. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला त्यात कासही आहे. पण हाच कातळ पावसात शेवाळून गुळगुळीत होतो, आणि खड्डे गवताखाली दिसत नाहीत. आजींना मळलेल्या वाटेवरून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. लांबवर चालण्याची गरजही नसते, तेरड्याचा गुलाबी आणि कवळ्याचा पिवळा पट्टा रस्त्यावरूनही दिसतो. सीतेची आसवं मात्र उभ्या माणसाला नीट दिसत नाहीत, नखाएवढं जांभळं फूल असतं. मळलेल्या वाटेवरच स्टूल टाका, फुलांवर नाही, आणि मुलीला वाटेवरूनच वाकून फोनवर जवळचा फोटो काढायला सांगा. तो मोठा करून आजींना दाखवता येतो. याच झाडाला जमिनीखाली सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत ते बारीक जीव पकडून खातं, हे ऐकल्यावर मुलगा शांत बसेल. छत्री तिथल्या वाऱ्याला टिकत नाही, बटणांचा रेनकोट हवा. साडीचा घेर खालून तीन बोटं वर घेऊन पिना लावा. भिजलेले काठ जड होतात आणि पायात येतात, पडायला तेवढं पुरतं.

सज्जनगड. हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे, कारण हा एकच त्यांनी स्वतः मागितलेला आहे. तो सहजी काढू नका आणि सहजी ठेवूही नका. गाडी बरीच वर जाते, पण वाहनतळापासून पायऱ्या शे-दोनशेच्या घरात आहेत. आपल्या इमारतींत एका मजल्याला अठरा ते वीस पायऱ्या असतात, म्हणजे दहा मजले चढायचे आणि तेवढेच उतरायचे, असा हिशेब धरा. वर पोचल्यावर राममंदिर, आणि समाधी त्याच्या खाली तळघरात, म्हणजे तिथं पुन्हा उतरणं आलं. आजी घरी दोन मजले एक विश्रांती घेऊन चढतात, वर गेल्यावर पूर्ण वाक्य न थांबता बोलतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजत नाही, एवढं जमत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील, तर न्या.

नेताना पद्धत अशी. कामाचा दिवस, सकाळी सात-साडेसातला निघायचं. दर बारा-पंधरा पायऱ्यांनी स्टूल टाकून दोन मिनिटं बसायचं. दम लागायची वाट बघायची नाही, आधीच बसायचं. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी : त्यांच्याबाबतीत चढताना डावा, उतरताना उजवा, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे डाव्या. तुमच्या यजमानांनी चढताना त्यांच्या मागं आणि उतरताना पुढं, एक पायरी खाली राहावं. हात धरून ओढू नये. आपला कोपरापासूनचा हात पुढं करावा आणि त्यांनी तो धरावा. निम्म्यावर परत फिरायचं की पुढं जायचं, हा निर्णय फक्त आजींचा असेल, असं घरीच ठरवून निघा. तिथं "आता थोडंच राहिलंय" हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही. चढणं थोडं राहिलेलं असतं, उतरणं सगळंच राहिलेलं असतं. छातीत जडपणा, घाम, डोळ्यांपुढं अंधारी, बोलताना वाक्य तुटणं, यातलं काहीही झालं तर तिथंच बसवायचं आणि पुढं एक पायरीही नाही. बसूनही पाच-दहा मिनिटांत उतार पडला नाही तर लगेच मदत मागवून दवाखाना गाठायचा.

गडावर दुपारी महाप्रसाद असतो, पंगत जमिनीवर. आजींना मांडी घालून बसता येणार नाही, सेवेकऱ्यांना आधीच सांगितलं तर ते बाजूला बसवतात. आपलं स्टूलही हाताशी असतंच. पायऱ्या टाळायची काही सोय त्या दिवशी आहे का, हेही आदल्या दिवशी फोन करून विचारा, गृहीत धरू नका. आणि आकडे जमत नसतील तर त्यांना स्पष्ट सांगा, फसवून वाहनतळापर्यंत नेऊ नका. "आई, पायऱ्या इतक्या आहेत, डॉक्टर नको म्हणतात. आपण गडाखालपर्यंत जाऊ, तिथून हात जोडा, वर तुमच्या नावाने दर्शन तुमचा मुलगा घेऊन येईल." परळी गावात महादेवाची जुनी कोरीव दगडी देवळं आहेत, तिथं निवांत बसता येतं. हे दुय्यम समजू नका. या वयाची माणसं खरं कारण ऐकून घेतात. न विचारता ठरवलेलं त्यांना लागतं.

उरलेल्या संध्याकाळी गावातल्या गावात पुष्कळ आहे. अजिंक्यताऱ्यावर दरवाजाच्या जवळपर्यंत गाडी जाते. पाच वाजता वर जा, गाडी सपाटीवर लावा आणि सगळं सातारा खाली दिसेल अशा जागी आजींना बसवा. बाबा आणि मुलं दरवाजा चढून येतील. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, तो इथं बसून सांगा. रस्ता अरुंद आहे, अंधार पडायच्या आत खाली या. एखाद्या दिवशी नटराज मंदिर, चिदंबरमच्या धर्तीवर बांधलेलं. आवार सपाट आहे. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम बघायला घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर जाऊ नका. सप्टेंबरात पाणी चढलेलं असतं आणि दगड शेवाळलेले, वरूनच नमस्कार. पावसाचा दिवस निघाला तर बसस्थानकाजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे, जाण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या. रोज काही ना काही नको, एक दिवस बाहेर, एक दिवस घरी. आणि एका दिवसात एकच बाहेर पडणं, सकाळी किंवा संध्याकाळी.

गाडीबद्दल. आजी पुढच्या सीटवर, सीट पूर्ण मागं. छोट्या गाडीची बैठक खोल असते, त्यातून उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो, म्हणून खाली दोन-तीन इंच जाडीची घट्ट उशी घाला. मऊ उशी दबून जाते. बसताना आधी पाठ सीटकडे, मग टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर एखादी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी ठेवली तर वळणं सोपं जातं. बसल्यावर ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढं घसरतो. उतरताना दोन्ही पाय जमिनीवर टेकवून मिनिटभर तसंच बसायचं, घोटे हलवायचे, मग उठायचं. बीपीच्या गोळीवर असलेल्या माणसाला झटकन उठलं की चक्कर येते. गाडी उतारावर लावू नका, दार अंगावर येतं.

घाटात मळमळू नये म्हणून दुकानातून उलटीची गोळी आणून देऊ नका. या वयात तिने गुंगी येते, तोल जातो, कधी लघवी अडते. पुढची सीट, खिडकीची फट, पोटात थोडं कोरडं खाणं आणि सावकाश वळणं, एवढ्यावर भागतं. गुडघ्याच्या वेदनेची गोळीही स्वतःच्या मनाने नको. बीपीची आणि पाणी कमी करणारी गोळी चालू असताना काही वेदनाशामकं किडनीला बाधतात आणि बीपी वाढवतात. कुठली चालेल ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

त्या आल्या की पहिल्याच दिवशी त्यांची काठी उलटी करून बघा. टोकाच्या रबरावर गोल खाचा असतात. त्या झिजून रबर सपाट झालं असेल तर ओल्या फरशीवर काठी सटकते. नवं रबर मेडिकलमध्ये थोड्या पैशांत मिळतं, काठी सोबत नेऊन माप बघून घ्या. सरळ उभं राहून हात खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. चप्पल मागं पट्टा असलेली, आणि देवळात अनवाणी चालायला तळाला रबराचे ठिपके असलेले सुती मोजे.

डबा घरचाच न्या. लातूरकडच्या आजींना धपाटे आणि दही दिलंत तर त्या स्वतःहून चार घास जास्त खातील. मुलीकडे घडीचं स्टूल, मुलाकडे पाण्याची बाटली, अशी कामं वाटून द्या; दर अर्ध्या तासाला आजीला दोन घोट पाजायचे हे काम सहा वर्षांचं पोर फार निष्ठेने करतं, आणि त्याला आजी नाही म्हणत नाहीत.

त्यांना विचारतानाही "येता का?" असं विचारू नका. "उद्या सकाळी वाईला गणपतीला, गाडी देवळाजवळ जाते, बसायला स्टूल आहे, जेवायला घरी" असं पूर्ण सांगा. एवढं ऐकूनही नको म्हणाल्या तर ते खरंच नको आहे, तो दिवस त्यांचा घरी.

परतीच्या आदल्या दिवशी कुठंही नेऊ नका. बॅग भरणं, नातवंडांसोबत बसणं आणि बरोबर न्यायला ताजे कंदी पेढे आणणं, एवढंच. ७५ वर्षांवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यासाठी आधार कार्ड त्यांच्या हाताशी असू द्या, बॅगेच्या तळाशी नको. कासची नोंदणी आणि डॉक्टरांची भेट ही दोन कामं मात्र त्या यायच्या आधीच, या आठवड्यात उरका.